गयेत जन्म, नागपुरात घर: परत जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

रेल्वे, टपाल, फौज, केंद्र सरकारची खाती. बदलीच्या नोकरीमुळे जन्म गयेचा आणि हयात नागपुरात, अशी घरं अजनीपासून इंदोऱ्यापर्यंत सगळीकडे सापडतात. माझं त्यातलंच एक. कोणी गयेला निघालं की फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते. विचारणाऱ्यांत पिंडदानाला जाणारे आहेत, बोधगयेला जाणारे आहेत आणि नुसतं जन्मघर बघायला जाणारेही आहेत. एखादं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. दोन वर्षांची असताना गया सुटली. काहीच आठवत नाही. मग जाऊन बघायचं तरी काय?

स्वतःच्या आठवणी नसतील तर घरातल्या थोरांच्या घेऊन जा. निघण्याआधी आई, मोठी आई, मोठा भाऊ, जे कोणी असतील त्यांच्याजवळ बसा आणि बारीकसारीक विचारा. क्वार्टर स्टेशनाच्या कोणत्या अंगाला होतं, दवाखाना कोणता, भाजी कुठून यायची, मोलकरीण कुठून यायची. "गयेचं सांग" म्हटलं तर म्हातारी माणसं "काय सांगू, छान होतं" एवढंच म्हणतात. "पाणी कुठून भरायची?" विचारलं की अर्धा तास थांबत नाहीत.

तुम्हाला हवी आहेत ती नावं: डेल्हा, मानपूर, चांदचौरा, रमना रोड, टेकारी रोड, जीबी रोड, राजेंद्र टॉवर. यातलं एक जरी घरच्यांच्या तोंडून निघालं तरी रिक्षावाल्याला सांगायला पुरतं. आमच्या आईच्या बोलण्यात "मानपूरचा पूल" इतक्यांदा यायचा की मी तो न बघताच ओळखत होते.

२. गया आणि बोधगया एकच ना? आणि हे "गयाजी" काय नवीन?

दोन वेगळी गावं, मध्ये बारा-तेरा किलोमीटर. गया हे जुनं, गजबजलेलं, जिल्ह्याचं शहर. तिथे फल्गूच्या काठी विष्णुपद मंदिर आहे आणि पिंडदान तिथलं. बोधगयेत महाबोधी मंदिर आणि बोधिवृक्ष. बाबांच्या नोकरीमुळे जन्म झाला असेल तर तो बहुधा गया शहरातला असतो, घरात मात्र सगळे "बोधगया" म्हणत आलेले असतात. दाखला काढताना हा फरक महागात पडतो.

मे २०२५ मध्ये बिहारच्या मंत्रिमंडळानं गया शहराचं नाव "गयाजी" केलं. यात्रेकरू पूर्वीपासून तसंच म्हणायचे. कागदपत्रांचं काय, ते प्रश्न ७ मध्ये.

३. नागपूरहून जायचं कसं?

रेल्वेनं. इटारसी, जबलपूर, प्रयागराज या बाजूनं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन गाठायचं. आपल्या तोंडात अजून मुगलसरायच आहे. तिथून गया सुमारे २०० किलोमीटर आणि गाड्यांना तोटा नाही, कारण गया ग्रँड कॉर्डवर आहे, दिल्ली-हावडा मार्गाचा हा फाटा १९०६ साली सुरू झाला. बंगळूरहून पाटण्याकडे जाणारी संघमित्रा नागपुरात थांबते आणि मुगलसरायला सोडते. बोधिवृक्षाची फांदी लंकेला नेणाऱ्या संघमित्रेच्या नावाची गाडी आपल्याला बोधगयेच्या वाटेला लावते, हे मला दर वेळी गमतीचं वाटतं.

मुगलसरायला गाडी बदलताना मध्ये चार-पाच तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत धुकं असतं, तेव्हा तेही कमी पडतात. विमानानं जायचं तर दिल्ली किंवा कोलकात्याला बदलून गया, नाहीतर पाटणा. पाटण्याहून गया साधारण १०० किलोमीटर.

४. कोणत्या महिन्यात जावं?

नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. ऊन आपल्याला नवं नाही. गयेचा मे महिना नागपूरच्या मे महिन्यासारखाच भाजून काढतो, भोवती उघडे दगडी डोंगर आहेत. नागपूरकर फसतो तो थंडीत. जानेवारीत तिथे पारा चार-पाच अंशांपर्यंत येतो, सूर्य दुपारपर्यंत दिसत नाही आणि आपण एक स्वेटर घेऊन गेलेलो असतो.

पितृपक्षात फक्त जन्मघर बघायला जाऊ नका. मेळा असतो, राहायला जागा मिळत नाही आणि जुन्या गयेच्या गल्ल्यांतून चालता येत नाही. पिंडदानच करायचं असेल तर गोष्ट वेगळी. पण तेही गयेत वर्षभर चालतं, पितृपक्षाची अट नाही.

एक गोंधळ नेहमी होतो. आपल्या पंचांगात पितृपक्ष भाद्रपद वद्यात येतो. बिहारात महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे तेच दिवस तिथे आश्विन कृष्ण म्हणून मोजतात. तिथल्या माणसानं "आश्विन" म्हटलं तर महिनाभर पुढचं तिकीट काढू नका. इंग्रजी तारीख विचारून घ्या. बुद्धपौर्णिमेला ही भानगड नाही, वैशाख पौर्णिमा दोन्हीकडे वैशाखातच येते.

५. दोन दिवसांत सगळं होतं का? पिंडदान, बोधगया आणि आमचं जुनं घर?

यादीवर खुणा करायच्या असतील तर होतं. पण माझं ऐकाल तर जन्मगाव आणि तीर्थ एका दिवसात कोंबू नका, आणि पहिला दिवस गावाला द्या.

पिंडदानाचा दिवस तुमच्या हातात नसतो. पहाटे उठायचं, उपाशी बसायचं, भटजी सांगतील तिथे जायचं. दुपारी सगळं आटोपेपर्यंत अंगात त्राण नसतं आणि सोबतच्या आत्याबाईंना झोपायचं असतं. मग "घर काय, जाता जाता रिक्षातून बघू" असं होतं आणि ते रिक्षातूनच बघणं होतं. एकदा कपाळाला गंध आणि हातात पिशवी आली की गाव तुम्हाला यात्रेकरू म्हणूनच वागवतं. आदल्या दिवशी साध्या कपड्यांत चहाच्या टपरीवर बसून "हमारा जनम यहीं का है" म्हणून बघा. समोरचा पहिला प्रश्न विचारतो, "कौन मोहल्ला?" तीर्थात हा प्रश्न कोणी विचारत नाही.

म्हणून तीन पूर्ण दिवस: पहिला गावाचा, दुसरा विधीचा, तिसरा बोधगयेचा. विधी करायचा नसेल तर दोन पुरतात.

६. जन्माचा दाखला नाही. तिथे गेल्यावर मिळेल का? नागपूर महापालिकेतून नाही का काढता येत?

नाही. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आई-वडील कुठले हे बघत नाहीत. गया शहरात जन्म झाला असेल तर गया नगर निगम.

जाताना जन्मतारीख, आईचं लग्नानंतरचं नाव, बाबांचं नाव, तेव्हाचा पत्ता आणि दवाखाना एका कागदावर हिंदीत लिहून न्या. आईचं नाव माहेरच्या पद्धतीनं लिहिलेलं असू शकतं, आडनाव तिथल्या कारकुनानं ऐकू आलं तसं टिपलेलं असू शकतं. बावनकुळे, वानखेडे ही नावं हिंदी कानाला कशी ऐकू येतील याचा अंदाज घेऊन तीन-चार रूपं काढून ठेवा. दवाखान्याचं जुनं नावही लागतं. आजचं जयप्रकाश नारायण रुग्णालय जुन्या माणसांना पिलग्रिम हॉस्पिटल म्हणूनच माहीत आहे.

जुन्या नोंदी संगणकावर असतीलच असं नाही, नोंदवहीत शोधाव्या लागतात. देशभर एकसारखा जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या जन्माची नोंद सापडली तर नशीब समजा. नाही सापडली तर "नोंद उपलब्ध नाही" असा दाखला मागून घ्या. तो कागद बिनकामाचा वाटतो, पण उशिरा नोंदणी करायची तर पहिला तोच लागतो. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदणीसाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायद्यानं हे काम जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी, नाहीतर त्यांनी नेमलेले कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे दिलं आहे. अर्ज जन्माच्या जागीच करायचा.

नोंद आहे पण नावाचा रकाना कोरा, असंही पुष्कळदा निघतं. बारसं व्हायच्या आत नोंद झालेली असते. तेव्हा नवी नोंदणी मागू नका, नाव चढवण्याचा अर्ज करा, ते वेगळं आणि सोपं काम आहे.

हे एका दिवसात होत नाही. शनिवार-रविवार आणि छट पूजेचा आठवडा सोडून जा, सकाळी उघडल्या उघडल्या जा. एका कचेरीत मला "कल आइए" इतक्या गोड आवाजात ऐकवलं गेलं की राग यायला दुसरा दिवस उजाडला.

७. पासपोर्टवर जन्मस्थान "गया" आहे. आता "गयाजी" करावं लागेल का? आणि बाबांच्या दाखल्यावर जिल्हा गया पण गाव औरंगाबाद, हे कसं?

तुमच्या दाखल्यावर जे आहे तेच पासपोर्टवर असलं की झालं. शहराचं नाव बदललं म्हणून जुना दाखला खोटा ठरत नाही. १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखल्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड यांसारखी कागदपत्रंही चालतात. त्यानंतर जन्मलेल्यांना मात्र जन्मदाखलाच लागतो. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या माणसाचं दाखल्यावाचून अडत नाही. दाखला हवासा वाटणं ही वेगळी गोष्ट, ती मला समजते.

दुसरं कोडं सोपं आहे. ते औरंगाबाद बिहारचं, आपलं नव्हे. १९७३ पर्यंत ते गया जिल्ह्यातच होतं. नवादा त्याच वर्षी वेगळा झाला, जहानाबाद १९८६ साली. बाबांचा जन्म त्याआधीचा असेल तर जिल्हा गयाच दिसणार. दाखल्याची नक्कल मात्र आजच्या जिल्ह्यातून काढायची. नागपुरातला एखादा बाबू हे बघून "छत्रपती संभाजीनगर लिहू का?" विचारेल, तेव्हा शांतपणे "बिहार" या शब्दावर बोट ठेवा.

८. रेल्वे क्वार्टर नंबर माहीत आहे. ते सापडेल का?

सापडेल किंवा त्याची जागा सापडेल. क्वार्टरांचे नंबर बदलतात, जुन्या चाळी पाडून नव्या बांधतात. तेव्हाच्या पूर्व रेल्वेतून हा भाग २००२ साली पूर्व मध्य रेल्वेकडे आला, त्यामुळे कार्यालयात जुन्या नंबरचा माग काढत बसण्यात अर्थ नाही. न बदलणाऱ्या खुणा धरून चाला: रूळ, पाण्याची टाकी, पिंपळ, देऊळ, शाळा. आणि कॉलनीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला गाठा, शक्यतो दुपारी चारनंतर, ओट्यावर.

आमच्या रांगेतल्या एका घराबाहेर एक आजी सूप घेऊन हरभरे निवडत बसल्या होत्या. मी बाबांचं नाव सांगितलं. त्यांना ते आठवेना. हुद्दा सांगितला, तरी नाही. मग सोबत आलेला भाऊ म्हणाला, "जिनके यहाँ पूरनपोली बनती थी." त्यांचं सूप थांबलं. "मराठिन के घर? ऊ त नीम वाला रहे," म्हणून त्यांनी हात केला. हुद्दा, बदलीची ऑर्डर, क्वार्टर नंबर, काही कामी आलं नाही. म्हणून घरी विचारताना शेजाऱ्यांना काय खाऊ घालायचो हेही विचारून घ्या.

९. आता राहणाऱ्यांनी आत घेतलं नाही तर?

तर नाही. त्यांचं घर आहे. दारात उभं राहून फोटो काढण्याआधी विचारा, मिठाईचा डबा द्या, आणि "आत यायचं होतं" हे एकदाच म्हणा. बहुतेक लोक चहाला बसवतातच.

१०. गयेच्या पंड्यांच्या वहीत आमच्या पिढ्यांची नावं असतात म्हणे. मी तिथलीच, मग माझंही असेल?

तिथे जन्मलात म्हणून नाही. वहीत नाव येतं ते विधीला आलेल्यांचं, आणि ते मांडलेलं असतं मूळ गावाखाली. म्हणजे तुमचं कूळ सापडलं तर काटोल, उमरेड, पवनी अशा एखाद्या पानावर सापडेल. गया शहराच्या पानावर शोधणारे हात हलवत परत येतात.

गयेच्या तीर्थपुरोहितांना गयावाळ म्हणतात. मुलूख त्यांच्यात वाटलेले असतात: अमुक जिल्हा अमुक घराण्याकडे. जाऊन फक्त "महाराष्ट्र" म्हणू नका. मूळ गाव, तालुका, जात, आडनाव, आजोबा-पणजोबांची नावं तयार ठेवा. आणि जिल्हा जुना सांगा. गोंदियाचे असाल तर भंडारा, कारण गोंदिया जिल्हा १९९९ चा. गडचिरोलीचे असाल तर चांदा. स्वातंत्र्याआधीची नोंद मध्य प्रांत म्हणून असेल आणि १९५६ पर्यंतची मध्य प्रदेश म्हणून, कारण नागपूर तेव्हा त्या राज्याची राजधानी होतं. हे माहीत नसल्यामुळे लोक "आमचं नाव नाहीच" म्हणत परततात.

वही लांबट, कापडात बांधलेली. पानं जपून उलटतात, बोट ओळीखालून सरकवत. नोंद बहुतेकदा आलेल्या माणसानं स्वतः केलेली असते: कोण, कोणासाठी, सोबत कोण, तिथी. फार जुनी असेल तर मोडीत असू शकते, म्हणून फोटो काढायची परवानगी मागा आणि वाचायचं काम नागपुरात करा. मला दिसलेल्या एका पानावर एका माणसानं वडिलांचं नाव लिहून खाली "सोबत कोणी नाही" असं लिहिलं होतं. आपल्या आडनावाचा नव्हता, तरी मी तिथेच थांबले.

वही दाखवायला पैसे ठरलेले नसतात. दक्षिणा काही तरी द्यावीच, मात्र आकडा आधी बोला (प्रश्न ११).

११. पिंडदानाचे किती घेतात? फसवतात का?

आकडा सांगत नाही, तो वेद्यांवर, म्हणजे पिंड द्यायच्या ठिकाणांवर, आणि दिवसांवर ठरतो. पूर्वी ३६० हून अधिक वेद्या होत्या असं सांगतात, आता पन्नासच्या आसपास उरल्या आहेत. एका दिवसात करणारे फल्गू, विष्णुपद आणि अक्षयवट या तीन ठिकाणी करतात. सतरा दिवसांचंही असतं.

फसवणूक म्हणण्यापेक्षा, न ठरवता बसणाऱ्याची पंचाईत होते. आमच्या ओळखीतल्या एकांना एका पुरोहितानं मध्येच उठून "गोदान राहिलं" सांगितलं, आणि अर्धा विधी झालेला माणूस नाही कसं म्हणणार? बसण्याआधी साहित्य, दक्षिणा, दान, जेवण सगळं धरून एकच आकडा ठरवा, सोबतच्या एकाला साक्षीला ठेवा. स्टेशनावर अंगावर येणाऱ्याला "हमारे पंडाजी हैं" एवढं म्हटलं की पुरे. शेवटी अक्षयवटाखाली गयावाळ "सुफल" देतात, तिथे विधी संपतो. एखादं फळ किंवा भाजी कायमची सोडायचा रिवाजही तिथलाच. आवडती वस्तू सोडायची म्हणतात. नागपूरकर मंडळी फणस सोडून येतात, संत्रं सोडलेलं मी ऐकलं नाही.

१२. बाबा हयात आहेत. त्यांच्यासोबत जन्मगाव बघायला चाललो आहे. आलोच आहोत तर आजोबांचं पिंडदान मी करू का?

आपल्याकडचा सर्वसाधारण रिवाज असा की वडील हयात असताना मुलानं करायचं नाही, त्यांनीच करायचं. त्यांना बसवत असेल तर ते करतील, तुम्ही हाताखाली राहा. आई गेली आहे आणि बाबा आहेत, अशा वेळी घराण्यागणिक वेगळं सांगतात. हे गयेत पोचून विचारू नका, निघण्याआधी आपल्या घरच्या भटजींना विचारा.

आईसाठी गुजरातेतलं सिद्धपूर, ती मातृगया, असं कानावर आलेलं असतं. ते खरंच आहे. पण गयेतही आईसाठी मातृषोडशी आहे: गर्भ वाहण्यापासून तिनं सोसलेल्या एकेका कष्टासाठी एक, असे सोळा पिंड. जिथे आपल्याला जन्म दिला त्याच गावात हे म्हणताना भल्याभल्यांचा आवाज जातो. इतर कशासाठी नाही तर यासाठी गयेत जन्मलेल्यानं हा विधी एकदा ऐकावा असं मला वाटतं. मानत नसलात तरी.

१३. रामटेकला अंबाळ्याच्या तळ्यावर सगळं केलं आहे. तरी गया करावी लागते का? आणि केली की वर्षश्राद्ध बंद?

"करावी लागते" असं काही नाही. अंबाळ्याला केलेलं कमी पडत नाही. वर्षश्राद्धाबद्दल दोन्ही मतं आहेत. बरेच मराठी पुरोहित चालू ठेवायला सांगतात. घरात ज्यांच्या शब्दाला मान आहे त्यांचं ऐका आणि वाद संपवा.

१४. आम्ही बहिणीच आहोत, भाऊ नाही. चालेल?

चालतं. गयेत तर कथाच सीतेची आहे: राम-लक्ष्मण साहित्य आणायला गेले आणि दशरथाचा पिंड तिनं वाळूचा करून दिला. फल्गूनं खोटी साक्ष दिली म्हणून ती वाळूखालून वाहते, वडानं खरी दिली म्हणून तो अक्षय. पलीकडच्या काठावर सीताकुंडाला आजही वाळूचा पिंड देतात. कोणी नाक मुरडलं तर दुसरे पुरोहित बघा.

फल्गू मात्र आता आईनं सांगितली तशी दिसणार नाही. २०२२ साली विष्णुपदाजवळ रबरी बंधारा झाला, घाटाला पाणी असतं. वाळू उकरून पाणी काढण्याची घरातली गोष्ट बंधाऱ्यापासून दूर गेल्यावरच पटते.

१५. आम्ही बौद्ध आहोत. माझा जन्म गयेचा. नातेवाईक म्हणतात, "तिथलीच आहेस, विष्णुपदाला जाऊन ये." काय करू?

दीक्षाभूमीवर १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान करणार नाही ही सहावी प्रतिज्ञा आहे. तेव्हा पिंडदानाचा प्रश्न मिटला. मंदिराच्या दाराशी बिगरहिंदूंना प्रवेश नाही अशी पाटीही आहे, म्हणजे तिकडूनही मिटला. आई-वडिलांच्या नावानं काही करावंसं वाटत असेल तर बोधगयेत परित्राणपाठ (रक्षणासाठी सुत्तांचं पठण), भिक्खूसंघाला भोजनदान आणि पुण्यानुमोदन (ते पुण्य गेलेल्यांना वाहणं) करता येतं.

गया शहर मात्र सोडू नका. ब्रह्मयोनी टेकडी हेच पाली ग्रंथांतलं गयासीस. उरुवेलेच्या काश्यप बंधूंच्या हजार जटिलांना, अग्नी पूजणाऱ्या माणसांना, बुद्धांनी "सगळं जळतं आहे" हे आदित्तपरियाय सुत्त इथे सांगितलं. हिंदू यात्रेकरू त्याच टेकडीवर देवीला जातात. बोधगयेला येणारी बहुतेक मंडळी इथे फिरकत नाहीत. गयेत जन्मलेल्या बौद्धाला "माझं गाव" म्हणायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

१६. महाबोधी मंदिरात काय काळजी घ्यायची? बोधिवृक्षाचं पान आणता येतं का?

मोबाइल आत नेता येत नाही. जुलै २०१३ च्या स्फोटांनंतर तपासणी कडक झाली. बाहेर लॉकर आहेत, पण रांग असते, म्हणून खोलीवरच ठेवून जा. पहाटे जा. आपले उपासक पांढऱ्या कपड्यांत बुद्धवंदना म्हणत असतात, शेजारी तिबेटी दंडवत घालत असतात, पलीकडे थाई सूर. त्या गलक्यात कोपऱ्यातून "सरणं गच्छामि" नागपुरी ठेक्यात ऐकू आलं की कोणीतरी आपलं आहे हे वळून न बघता कळतं.

पान तोडू नका. गळलेलं मिळालं तर घ्या. आजचा वृक्ष मूळचा नव्हे: जुना १८७६ मध्ये पडला, त्यानंतर इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं त्याच्याच वंशाचं रोप लावलं. आपल्या दीक्षाभूमीचा बोधिवृक्ष अनुराधपूरहून आलेला आहे. म्हणजे मुळं एकच, फक्त लंकेला वळसा घालून नागपुरात पोचलेली.

१७. मंदिराच्या ताब्याचं आंदोलन चालू आहे ना? अशा वेळी जावं का?

जावं, दर्शन बंद नसतं. वाद बोधगया मंदिर कायद्याचा, तो १९४९ चा. त्यानुसार समितीत चार हिंदू, चार बौद्ध आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी. अध्यक्ष हिंदूच हवा ही अट २०१३ मध्ये गेली. बौद्धांची मागणी संपूर्ण व्यवस्थापन आपल्याकडे असावं अशी आहे, आणि ती १८९१ मध्ये श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल तिथे पोचले तेव्हापासूनची. नागपूरला हे परकं नाही. १९९२ पासून मूळचे जपानी, नागपूरचे भिक्खू भदंत सुरई ससाई यांनी हा लढा उचलला आणि इथून माणसं गेली. फेब्रुवारी २०२५ पासून पुन्हा उपोषण-धरणं सुरू झालं. माझं मत विचाराल तर मागणी रास्त आहे. पण तुमच्या सोबत विष्णुपदाला जाणाऱ्या सासूबाई असतील तर हा विषय रेल्वेत काढू नका, तिकडे पोचायला रात्र जाते.

१८. नवरा हिंदू, मी बौद्ध, जन्म माझा गयेचा. त्याला पिंडदान करायचं आहे. एकाच प्रवासात जमेल?

जमतं. त्याच्या विधीच्या दिवशी तुम्ही ब्रह्मयोनीला जा (प्रश्न १५), किंवा फल्गूपलीकडे मानपूरला पटवाटोलीत, जिथे हातमागाच्या जागी आता यंत्रमाग खडखडतात आणि गमछे निघतात. पत्नीनं शेजारी बसावं असं भटजी म्हणतील. बसायचं की नाही हे नागपुरातच ठरवून घ्या. एक माहिती असू द्या: काही हिंदू यात्रेकरू बोधगयेतही पिंडदान करतात, धर्मारण्य, मातंगवापी आणि बोधितरू या वेद्या तिकडच्याच. म्हणजे "गया तुझी, बोधगया माझी" अशी सोपी वाटणी तिथे गेल्यावर टिकत नाही.

१९. आई ऐंशीची आहे. तिला नेऊ का?

न्या, पण डोंगर टाळून. प्रेतशिला, रामशिला, ब्रह्मयोनी, तिन्हीकडे पायऱ्या आहेत. प्रेतशिलेच्या तर सहाशेच्या वर. अपमृत्यू झालेल्यांसाठीचा विधी तिथे असतो, तो करायचा नसेल तर जाण्याचं कारण नाही. विष्णुपदाजवळच्या गल्ल्यांत ई-रिक्षा बरीच आतपर्यंत जाते. चांदचौऱ्याच्या बाजूनं या. आईला मंदिर एकदा नीट दाखवा: १७८७ साली अहिल्याबाई होळकरांनी बांधलेलं, काळ्या दगडाचं. गयेतल्या मराठी माणसाला तेवढा एक हक्काचा दाखला पुरे होतो.

२०. काय खावं, काय आणावं? आणि काय नेऊ नये?

तिळकूट. रमना रोड आणि टेकारी रोडवर थंडीत दुकानाबाहेरच कुटतात. गरम पाकातला तीळ, समोरासमोर दोन माणसं, हातात लाकडी दांडके, एकाचा पडतो तेव्हा दुसऱ्याचा वर. आवाज आधी येतो, वास नंतर. गुळाचं घ्या, साखरेचं लवकर कंटाळा आणतं. डबा बॅगेत सगळ्यात वर ठेवा, नाहीतर नागपुरात भुगा उतरतो. गयेचा अनारसा आपल्यासारखा जाळीदार नसतो, गोल आणि आत खवा, दोन दिवसांतच संपवा. सकाळी लिट्टी-चोखा.

दारू नेऊ नका. बिहारात एप्रिल २०१६ पासून बंदी आहे आणि गाड्यांत तपासणी होते. वर्धा-गडचिरोली बघितलेल्या माणसाला जास्त सांगायला नको.

२१. आई म्हणते माझा जन्म गाडीतच झाला, गया यायच्या आधी. मग जन्मस्थान कुठलं?

हा प्रश्न थट्टेत येतो, पण रेल्वेच्या घरांत खरोखर असतो. कायद्यात सोय आहे: चालत्या वाहनात जन्म झाला तर पहिल्या थांब्याच्या ठिकाणी नोंद करायची. गाडी पुढे गयेलाच थांबली असेल तर नोंद गयेची. त्याआधी सासारामला किंवा डेहरीला थांबली असेल तर गया नगर निगमात कितीही शोधलं तरी सापडणार नाही, रोहतास जिल्ह्यात शोधा. सासाराम, डेहरी तेव्हा शाहाबाद जिल्ह्यात होते, रोहतास १९७२ चा. आईला गाडीचं नाव आणि वेळ आठवत असेल तर जुनं वेळापत्रक मिळवून आधी तेवढं पक्कं करून घ्या.